मागांची नोटीस आणि आमची सुभद्राआत्या

आज सकाळी सुभद्राआत्या गेली. आमच्या घराण्यात सरकारी हापिसात जाऊन भांडून आलेली पहिली बाई.

माझ्या बाबांची ही मोठी बहीण. सत्त्याण्णव वर्षांची होती.

एकोणिसाव्या वर्षी नवरा गेला आणि ती इतवारी बाजारामागच्या आमच्या कोष्ट्यांच्या गल्लीत माहेरी परत आली. आजोबांना दिसेनासं झालं होतं. ही सरळ त्यांच्या हातमागावर जाऊन बसली.

बायांनी सुताच्या कांड्या भरायच्या, माग पुरुषानं चालवायचा, अशी तेव्हाची रीत.
लोक बोलले.
ही लुगडी विणत राहिली.

इंग्रजांचं राज्य संपायला दोनेक वर्षं होती. गिरणीच्या कापडापुढे हातमाग टिकेना. गल्लीतली मातीची घरं एकेक करून विकली जात होती आणि तिथं माडीची पक्की घरं उठत होती. वकील आले, सचिवालयातले कारकून आले.
आमचे एक चुलतआजोबा तर स्वतःच्या विकलेल्या जागेवर मजुरीनं विटा वाहायचे.

नव्या लोकांना मागांची खटखट सहन होईना.

एक दिवस सरकारी हापिसातला शिपाई नोटीस देऊन गेला. इंग्रजीत! गल्लीत कुणालाच वाचता येईना.

आत्या ती घेऊन समोरच्या माडीवर गेली. तिथं वामनराव नावाचे कारकून राहायचे.

"भाऊजी, एवढं वाचून द्या."

त्यांनी वाचलं. आवाजाचा त्रास होतो अशी रहिवाशांची तक्रार आहे, पंधरा दिवसांत माग गावाबाहेर हलवा. खाली तक्रारदारांची नावं.
तिथं ते थांबले.

"काहून थांबले? नावं वाचा ना."

चार नावं वाचली. पाचवं त्यांचं स्वतःचं होतं.
खाली मान घालून तेही वाचलं.

आत्या म्हणाली, "तुमची झोपमोड होऊन राहिली, हे तुमी मले सांगायचं होतं. आमी उजाडल्यावर माग सुरू केला असता. पण मागच उचलला तर आमी खाऊ काय?"

वामनरावांनी दौत-टाक पुढे ओढला. मग म्हणाले, "बसा. उत्तर मी लिहून देतो."

अर्ज तयार झाला. आत्यानं तो त्यांच्याकडून मराठीत वाचून घेतला. अंगठा मात्र लावेना. दोन दिवस पाटीवर नाव गिरवलं आणि सही केली.

मग गल्लीतल्या सगळ्या बाया घेऊन हापिसात गेली. साहेबानं विचारलं, "हा अर्ज कोणी लिहिला?"

बायांच्या मागून वामनराव पुढे आले. सरकारी नोकर माणूस.
"मी लिहिला, साहेब. आणि तक्रारीतली माझी सही मी मागे घेतो."

माग राहिले. अट एकच, उजाडायच्या आत चालवायचे नाहीत. आत्यानं ती अट हात थकेपर्यंत पाळली.

सगळी घरं वाचली नाहीत. पुढेही काही विकली गेली. पण ज्यांनी विकली त्यांनी आपल्या मर्जीनं विकली, नोटिशीच्या धाकानं नाही.

मी एकदा तिला विचारलं होतं, "आत्या, तुला भीती नाही वाटली?"

"वाटली ना गा. त्या माडीच्या पायऱ्या चढताना तर जास्तच वाटली. पण मले जाणं भाग होतं."

आत्या, तुझा भाचा म्हणवून घ्यायला मला फार अभिमान वाटतो.

सुखानं जा. साऱ्या गल्लीचा तुला नमस्कार.