पिशवीतली काडी

खापरखेड्याच्या वसाहतीत वच्छलाताई तिसऱ्या मजल्यावर लेकाकडे राहायच्या, आणि त्यांची धाकटी बहीण प्रेमिला खाली ऑटोत बसून त्यांच्याशी बोलायची. प्रेमिलाबाईंचे दोन्ही गुडघे गेलेले, जिना चढवत नव्हता. वच्छलाताईंना दम्यामुळे उतरवत नव्हता. मग गॅलरीतून दोरीला बांधलेली कापडी पिशवी खाली यायची. तिच्यात प्रेमिलाबाई दातांना लावायच्या मिश्रीची डबी ठेवायच्या. पिशवी डुलत वर जायची आणि बहिणी ओरडून सुखदुःख सांगायच्या. अख्ख्या वसाहतीला ते ऐकू जाई.

मिश्री प्रेमिलाबाईंच्या हातची. तंबाखू तव्यावर काळीभोर होईस्तोवर भाजायची, ठसका सोसायचा, मग वस्त्रगाळ करायची. नवरा चंपतराव वीज केंद्रात नोकरीला होते तेव्हा क्वार्टरमधल्या बायका सकाळी डबी घेऊन त्यांच्याच दारी यायच्या. बाजारातली पेस्ट म्हणजे नुसता फेस; घरची मिश्री म्हणजे औषध. तिच्यात काय आहे ते आपल्या हाताला माहीत आहे, एवढा पुरावा त्यांना पुरत होता.

आता ती दोघं नवरा-बायको शहरात, प्रतापनगरात मुलाजवळ राहत होती. गुडघे बदलायचं ठरलं तेव्हा हाडांच्या डॉक्टरांनी दोन अटी घातल्या. रक्तातली साखर खाली आणा आणि आधी दात दाखवा. तोंडातली घाण रक्तातून नव्या सांध्यापर्यंत जाऊ शकते.

"गुडघ्याचा न् दाताचा काय संबंध जी?" प्रेमिलाबाईंनी दातांच्या दवाखान्याच्या वाटेत विचारलं.

"डाक्टरायचा आपसात संबंध," चंपतराव गालातला तंबाखू-सुपारीचा खर्रा सरकवत म्हणाले.

त्या दिवशी प्रेमिलाबाई पहाटे उठल्या होत्या. परक्या डॉक्टरीणबाईपुढं घाण तोंड घेऊन कसं जायचं, म्हणून त्यांनी मिश्री दोनदा लावली होती. अंगठ्याशेजारचं बोट हिरड्यांवरून असं फिरवलं, की थुंकीत रक्त उतरलं. मळ निघाला, म्हणून त्यांना समाधानच वाटलं.

डॉक्टर मधुवंती वयानं सुनेएवढी. तिनं आरसा आत घातला आणि खालचा ओठ उलटा करून पाहिला.

"आई, आज काय लावलंत?"

"घरचीच मिश्री. तुमच्यासाठी दोनदा लावली."

डॉक्टर हसली, मग ते हसू तिनं आवरलं. हातातला आरसा प्रेमिलाबाईंपुढं धरून तिनं दाखवलं: सुजून दातांपासून सुटलेल्या हिरड्या, आणि खालच्या ओठाच्या आत, जिथं बोट टेकायचं नेमकं तिथं, पांढुरका चट्टा.

"घरी भाजली तरी तंबाखू ती तंबाखूच, आई. हिरड्या अशा असल्या की साखरही हट्टाला पेटते. चट्टा मिश्री सोडल्यावर जायला हवा. नाही गेला तर तुकडा काढून तपासावा लागेल."

प्रेमिलाबाईंना भीती नंतर वाटली. आधी वाटला तो अपमान, स्वतःच्या हाताचा. आणि मग डोळ्यांसमोर ती पिशवी वर जायला लागली. कितीदा वर गेली असेल ती.

"निंबाची काडी चालते?" त्यांनी हळूच विचारलं.

"चालते की. चावून मऊ करा, हलक्या हातानं फिरवा. कोमट मिठाच्या पाण्यानं चुळा भरा. रात्री ब्रश हवाच. जमलेलं किटण मात्र मी काढणार; ते झाडाच्यानं निघत नाही."

पुढचे दिवस वाईट गेले. डोकं ठणकायचं, पोट साफ होईना, बोट आपोआप डबीच्या कोनाड्याकडे जायचं. "तुह्याच्यानं नाही होत वं हे," चंपतराव म्हणाले. प्रेमिलाबाई त्यांच्या खर्र्याबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. मिश्रीचा तवा घासून त्यांनी कुंपणावर ठेवला आणि त्यात पाखरांसाठी पाणी ओतलं. चिमण्या आधी आल्या नाहीत. वास गेल्यावर आल्या.

पुढच्या फेरीला पिशवी खाली आली तेव्हा त्यांनी तिच्यात निंबाच्या कोवळ्या काड्यांची जुडी ठेवली. वर गेली. मग काड्या ऑटोच्या टपावर बरसल्या.

"मले काय बकरी समजली का वं? डबी कुठी आहे?"

"नाही आणली! ताई, माह्या तोंडात चट्टा निघाला!"

खालच्या मजल्यांवरच्या खिडक्या उघडल्या. वच्छलाताईंनी गॅलरीचं दार लावून घेतलं. त्यानंतर फोनही उचलला नाही. घरोघर बहिणीची मिश्री वाखाणत फिरलेल्या बाईला हे कसं पटावं? प्रेमिलाबाईंनी राग धरला नाही. सवय लावणारा हात आपलाच होता. सोडवायला तोच वर न्यायला हवा, आणि त्यासाठी गुडघे हवेत.

हिरड्या गुलाबी झाल्या. औषधं तीच, पण साखर आता त्यांचं ऐकू लागली. चट्टा विरत विरत गेला. मग गुडघे बदलून झाले, एक आधी, दुसरा नंतर. व्यायाम शिकवायला आलेल्या मुलीपुढं त्या रडल्या, पण एकही दिवस चुकवला नाही.

थंडी सरताना एका सकाळी त्यांनी वसाहतीच्या जिन्याचा कठडा धरला. प्रत्येक वळणावर थांबत, श्वास घेत, वर. दार वच्छलाताईंनीच उघडलं. ओठांच्या कडा काळ्या होत्या. मिश्री दुसरीकडून येत होती.

दोघी बघत राहिल्या. वरून नुसता डोक्याचा भांग दिसायचा. बहिणीचा चेहरा किती उतरलाय ते वच्छलाताईंना जवळून आज दिसलं.

"चढून आली वं तू?"

"तू खाली फेकलं होतं ना. वर आणून द्याले आली." प्रेमिलाबाईंनी पदराखालून जुडी काढली. "आता रागवाचं असंन तर तोंडावर रागव."

वच्छलाताईंनी खुर्ची ओढून दिली. एक काडी घेतली, दाढेखाली धरली आणि तोंड वेडंवाकडं केलं.

"जहर आहे वं हे."

"पहिले तसंच लागते. चाव."

वच्छलाताई गॅलरीच्या कठड्याला टेकून चावत राहिल्या. दोरीची पिशवी शेजारी खिळ्याला लटकत होती. थोड्या वेळानं त्यांनी बहिणीचा हात धरला, स्वतःचा खालचा ओठ उलटा केला आणि उजेडाकडं तोंड करून म्हणाल्या,

"पाह्य बरं. माह्या तोंडात आहे का तसं काही?"