गच्चीची चावी लग्नाला गेली

देवपूरला आमची इमारत सात मजली आहे. धुळ्याच्या मानाने उंचच म्हणायची. आम्ही अगदी वरच्या मजल्यावर राहतो, कारण आमच्या ह्यांना दमा आहे आणि वर मोकळी हवा मिळेल असं आम्हाला वाटलं होतं. हवा होतीही. पण मग आम्हाला चेअरमन लाभले.

ह्या माणसाला बंद करण्याची भारी हौस. जिन्याच्या प्रत्येक वळणावर बांधणाऱ्याने सिमेंटची जाळी ठेवली होती. पारवे येतात म्हणून चेअरमननी तिच्यावर आतून काचा ठोकल्या आणि नारळ फोडून फोटो काढला. मग बायका गच्चीवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घालतात, त्याने फरशीला डाग पडतात, म्हणून गच्चीला कुलूप घातलं. चावी स्वतःच्या जुडग्यात. मी एकदा म्हटलं, भाऊ, जिन्यात काही पेटलं तर धुराने जायचं कुठे? तर मला म्हणतात, आजी, आपली बिल्डिंग आरसीसीची आहे. जसा काय धूर आधी बिल्डिंग कशाची आहे ते विचारून आत येतो. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई, पण चाळीस वर्षं चूल फुंकलेली. हे शिकलेले लोक, ह्यांनी धूर फक्त अगरबत्तीचा पाहिलेला.

हिवाळ्यातल्या एका रविवारी सोसायटीत भरिताचा बेत ठरला. गॅसवर भाजलेल्या वांग्याला आमच्याकडे भरीत म्हणतच नाहीत. त्याला पऱ्हाटी लागते, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं. शिरपूरकडून कोणीतरी चांगल्या दोन मोळ्या आणल्या आणि दंवाने ओलावतील म्हणून ठेवल्या कुठे, तर जिन्याखाली, सोसायटीच्या जुन्या गाद्यांना टेकून. सकाळी वारा सुटलेला, म्हणून जाळही आडोशाला, जिन्याजवळच केला. ठिणगी उडायची ती उडाली. पऱ्हाटी भडकली आणि गाद्या धुमसायला लागल्या. आग खालीच राहिली, पण धूर सरळ जिन्याने वर. मधे जाळ्या बंद, वर गच्ची बंद, मग तो सातव्या मजल्यावर येऊन तुंबला. म्हणजे आमच्या दाराशी.

मी दार किलकिलं केलं आणि लगेच लावून घेतलं. ह्यांना धरून गॅलरीत नेलं, खुर्चीत बसवलं, पंप तोंडाला लावून दिला. त्यांची छाती भात्यासारखी वाजत होती. साडी ओली केली आणि दाराच्या फटीत कोंबली.

तेवढ्यात सोसायटीच्या ग्रुपवर चेअरमन साहेबांचा मेसेज आला. साहेब त्या दिवशी जळगावला, साडूच्या मुलीच्या लग्नात. मांडवात बसून त्यांनी टाइप केलं होतं: "सर्वांनी आपापले दरवाजे व खिडक्या उघड्या ठेवा, धूर निघून जाईल." खाली नमस्काराचे दोन हात. आणि लोकांनी ऐकलं की हो! पाचव्या मजल्यावरच्या नवराबायकोने दार सताड उघडलं. धुराला तेच हवं होतं, भरला घरात. दोघांनाही नंतर दवाखान्यात ठेवावं लागलं. पदवीधर दोघं.

बंब आला. बंबवाल्यांनी आधी खाली पाणी मारून जाळ दाबला, आणि त्यांच्यातला एकजण पाठीवर सिलिंडर, तोंडाला मास्क लावून वर चढत आला. धूर बाहेर काढायला त्याला गच्ची उघडायची होती. त्याने आमच्या दारावर थाप मारली. मास्कमधून आवाज घागरीत बोलल्यासारखा येत होता, पण बोलणं आपल्या गावचं.

"अक्का, गच्चीनी चावी कोनाजोडे शे?"

मी आतूनच ओरडले, "चावी जयगावले लगीनले गयेल शे, भाऊ."

मग तो म्हणाला, "दार उघडू नका. फडका वल्ला ठेवा."

गच्चीच्या जिन्यावर त्याचे घाव ऐकू यायला लागले. इकडे ह्यांचे ओठ निळे पडत चाललेले. मी पाठ चोळत होते आणि घाव मोजत होते. किती मोजले ते आठवत नाही, पण एकदाचं कुलूप तुटलं. खाली दारात त्यांनी मोठा पंखा लावला, आणि जिन्यातला धूर वरून असा निघाला की गॅलरीतून मला तो आभाळात जाताना दिसला. बंबवाले ह्यांना खाली न्यायला आले तेव्हा हे मान हलवण्याइतके शुद्धीवर होते.

पुढच्या रविवारी मीटिंग. चेअरमन साहेबांनी बंबवाल्यांचे आभार मानले, भरितावर बंदी घातली आणि पिशवीतून गच्चीसाठी नवीन कुलूप काढलं, आधीच्यापेक्षा मोठं. म्हणे सुरक्षेसाठी. आमचे हे मीटिंगमध्ये कधी तोंड उघडत नाहीत. त्या दिवशी भिंतीला धरून उभे राहिले आणि म्हणाले, "दमा तुम्ही घ्या, चावी मला द्या."

साहेबांनी चावी काही दिली नाही, संध्याकाळी कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी मी लोहाराला बोलावून ते कापलं आणि नुसती कडी ठेवली, आतून कोणालाही काढता येईल अशी. ग्रुपवर साहेबांनी लिहिलं की अज्ञात व्यक्तीने सोसायटीच्या मालमत्तेचं नुकसान केलं आहे. मी बोटाने एकेक अक्षर शोधत खाली लिहिलं: मी कापलं. तुकडे माझ्याकडे आहेत, घेऊन जा. आणि येताना जिन्याने या, काचा काढायला माणूस बोलावला आहे, त्याला जरा हात लावा.

आले नाहीत. माणसाने एकट्यानेच काढल्या.