लस लागली

दवाखान्यात आज एक गृहस्थ लस घेतल्यावर दंड दाबून पाहत होते. बाबाही तसंच करायचे.

साथीच्या वर्षी आईबाबांना पहिला डोस एका लसीचा आणि दुसरा गडबडीत वेगळ्याच लसीचा मिळाला. दुसऱ्या डोसनंतर आई तापाने फणफणली, दंड सुजला, तरी समाधानाने म्हणाली, "लागली हो मला." बाबांना साधी कणकणही जाणवली नाही. "ताप नाही आला तरी आत काम चालू असतं, काका," नर्सबाई म्हणाल्या. पण ते आठवडाभर दंड दाबत दुखणं शोधत राहिले.

गेल्या वर्षी आई गेली. बाबा रडले नाहीत. "मनाला फारसं लागलेलं दिसत नाही," मावशी दाराआड पुटपुटली.

बाबा आईच्या रिकाम्या खाटेवर बसून तोच दंड दाबत होते.