हिरवा डबा

मी सिन्नरला भंगाराच्या गोडाऊनमधी प्लास्टिक निवडते. नवरा विहीर खणताना गेला, तवापासून हेच काम.

एकदा समुद्राकडनं गाडी आली, तिच्यासंगं एक बाई आली. नाव मी इचारलं नाय. गाडीत कोळ्यांच्या जाळ्याचे तरंगायचे डबे होते, वर बारीक शिंपल्यागत जनावरं चिकटलेली. आम्ही ती पत्र्यानं खरडायचो. ती बाई मातर नखानं हळूहळू काढायची आन् खालचा रंग बघायची.

"ताई, अशानं उद्या उजाडंल," मी म्हणले.

"बाय, दर होडीची खूण येगळी असते. आमची हिरवी, वर पिवळा पट्टा. धनी गेले त्याला चार महिने झाले. कुणी म्हणतं होडी बुडाली, कुणी म्हणतं दुसऱ्या मुलखाला लागली."

मग जनावराकडं बोट केलं. "ही कोळंबीच्या भावकीतली. डबा सुटून वाहायला लागला की येऊन बसतात. केवढी झाली त्यावरनं कळतं, डबा कधी सुटला."

त्याच आठवड्यात तिसऱ्या गाडीसंगं ती परत आली, तवा तिला हिरवा डबा घावला. तिनं पिवळा पट्टा पदरानं पुसला आन् एक जनावर अंगठ्याच्या नखाशी लावून बघितलं.

"चार महिन्यांची हायेत. पोरंबाळंबी झाली यांची," एवढंच म्हणली. रडली नाय. डबा काखेत मारून निघाली.

मुकादम वरडला, "ओ बाई, माल कुठं नेताय?"

"नेऊ द्या भाऊ, तिच्या घरचा हाय," मी म्हणले.

माझ्या नवऱ्याला वर काढलं, तवा मी त्याला बघितलं तरी होतं. आता मीबी डबा हळूच खरडते. रंग बघते, मगच गोणीत टाकते.