जलपर्णीतली कवळी

खाम नदीतली जलपर्णी उपटायला एका रविवारी सकाळी आमची अख्खी गल्ली उतरली, तेव्हा वास असा होता की वरून उडणारा कावळा चक्कर येऊन पडला. माझ्याच डोक्यावर. खोटं वाटत असेल तर टोपी दाखवतो. पाणी कसलं, काळी खळ! वर हिरवीगार पानं, जांभळी फुलं, लांबून अगदी काश्मीर. खाली मुळ्या, न्हाणीच्या जाळीत अडकलेल्या केसांसारख्या, आणि त्यांत सगळ्या शहराचा उकिरडा.

दोराला गळ बांधून आम्ही तो थर ओढत होतो. आरोळी शेजारच्या काकांची. दुपारी त्यांच्या लेकीचा साखरपुडा, तरी आले. आपल्याशिवाय दोर हलणार नाही याची त्यांना खात्री. ते म्हणायचे ‘जोर लगाके’, आम्ही ‘हैशा’. एकदा त्यांनी असा काही जोर लावला की तोंडातली कवळीच उडाली, ती थेट जलपर्णीत.

“आता व्याह्यापुढं असल्या बोळक्यानं बसू व्हय?” काका रडवेले झाले. “पोरीची मान खाली जाईल रे!”

मग सगळे मुळ्या पिंजायला बसलो. डायपर निघाले. कोंबडीची आतडी निघाली. फुगलेली घूस निघाली, तिनं मेल्यावरही माझ्याकडं रागानं पाहिलं. ओकाऱ्या गिळून गिळून माझं पोट भरलं. शेवटी बोटांना कवळी लागली. काकांनी बाटलीतल्या पाण्यानं विसळली, तोंडात घातली, जबडा इकडंतिकडं हलवला.

“ही माझी नाय.”

गेलेल्या माणसाचं सामान नदीत सोडायची आपली रीत. गादी, चष्मा, काठी. आणि कवळी. एकजण तिथंच भडाभडा ओकला.

“काका, थुका आधी ती!” मी ओरडलो.

“अन् दुपारी काय लावू? तुझे दात देतो का?”

साखरपुड्यात काका असे मनमोकळे हसले की विहीणबाई खूश, पोरगी खूश. मला त्यांनी स्वतःच्या हातानं पेढा भरवला. तो अजून घशातच आहे.

पुढच्या रविवारी माझ्या गळाला काकांची खरी कवळी लागली, सुळ्याचा टवका उडालेली. नाक दाबून घरी नेऊन दिली. काकांनी उलटसुलट पाहिली आणि परत माझ्या हातावर ठेवली.

“ऱ्हाऊ दे. ही लई बरी बसती.”