तुमचा गणपती किती दिवसांचा?

"तुमचा गणपती किती दिवसांचा?" पोराला रक्ताचा कर्करोग झाल्याचं नुकतंच कळलेल्या आईबापांना आमच्या बाई पहिला प्रश्न हा विचारायच्या. आईबाप गोंधळायचे. तुम्हीही गोंधळला असता. त्यातून बाई गिरगावातल्या ख्रिश्चन, गळ्यात क्रॉस. पण कोकणात कुणाचा गणपती दीड दिवसाचा आणि कुणाचा गौरीबरोबर जातो, हे परळच्या आमच्या धर्मादाय इस्पितळात त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या तिथे समाजसेविका होत्या आणि मी नोंदणी कारकून.

कारण साधं होतं. पहिल्या काही महिन्यांत ताप जातो, पोर जेवायला लागतं आणि घरच्यांना वाटतं, झालं बरं. खरं तर पुढे दोनेक वर्षं गोळ्या असतात. गणपतीला गावी गेलेली माणसं मग परतच येत नाहीत. म्हणून बाई प्रत्येक फायलीवर विसर्जनाच्या दुसऱ्या दिवसाची तारीख घालायच्या आणि त्या दिवसांतली गैरहजेरी मला पेन्सिलीने लिहायला लावायच्या. "पेन नको रे. गणपती आहेत." मला हा निव्वळ चक्रमपणा वाटायचा.

एकदा एका देणगीतून एकच गोष्ट होणार होती. डॉक्टरांना संशोधनासाठी तपासणीचं यंत्र हवं होतं, आणि त्यांचंही काही चूक नव्हतं. बाईंनी बाहेरगावच्या कुटुंबांसाठी लालबागच्या चाळीत चार खोल्या मागितल्या. मग संशोधन कधी करायचं, असं डॉक्टरांनी चिडून विचारलं. बाई म्हणाल्या, "पोरं अर्ध्यावर का गळतात, ते आधी शोधा की. तेही संशोधनच." खोल्या झाल्या, यंत्र राहिलं. डॉक्टर कितीतरी दिवस त्यांच्याशी धड बोलत नव्हते.

खोल्यांचा नियम कडक. ठरल्या तारखेनंतर आठ दिवस वाट बघायची, मग खोली पुढच्याला. त्या वर्षी देवगडकडची सात वर्षांची एक मुलगी गणपतीला गेली ती आलीच नाही. बाई म्हणत होत्या, थांब जरा. इकडे धुळ्याचं एक कुटुंब आजारी पोराला घेऊन फुटपाथवर झोपत होतं, ते मला येता-जाता दिसायचं. नवव्या दिवशी मी पेनाने 'उपचार सोडले' असं लिहिलं आणि खोली त्यांना दिली. ती देण्यात चुकलो असं मला आजही वाटत नाही.

बाईंनी नोंद वाचली. रागावल्या नाहीत. मुलीच्या घरचा फोन लागत नव्हता, म्हणून त्यांनी गावातल्या किराणा दुकानदाराला फोन लावला. तो जाऊन बापाला घेऊन आला. मुलगी बरी दिसते म्हणून ते राहिले होते, आणि आता दोन दिवस तिला ताप होता. दगदग झाली असेल, म्हणून तिला नुसतं झोपवून ठेवलेलं. या उपचारातल्या पोरांना साधा तापही एका दिवसात जिवावर बेततो. बाईंचा आवाज चढलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

"आत्ताच्या आत्ता गाडी कर. जिल्ह्याच्या इस्पितळात ने, आणि तिथल्या डॉक्टरला आधी मला फोन लावायला सांग."

तो फोन आला तेव्हा आमच्या रुसलेल्या डॉक्टरांनीच बाईंच्या हातातून घेतला आणि कुठलं इंजेक्शन लगेच द्यायचं ते सांगितलं.

तीन आठवड्यांनी मुलगी परळला आली, वाळलेली पण चालत. खोली नव्हती. बाईंनी मायलेकींना गिरगावात स्वतःच्या घरी ठेवून घेतलं, चांगलं दिवाळीपर्यंत. माझ्या शाईच्या ओळीवर त्यांनी पेन्सिलीने फक्त 'आली' असं लिहिलं.

या उन्हाळ्यात बाई गेल्या, घरीच, झोपेत. मला त्यांची फार सवय झाली होती, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. हजेरीपटावरचं त्यांचं नाव कापायचं काम माझ्याकडेच आलं. गणपती अजून लांब होते. तरी मी पेन्सिलच घेतली.