कुसुमआत्याची हरकत

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात फायली लावत होते. तिची सून बोलत होती. "सकाळी चहा घेतला, जरा पडते म्हणाल्या... उठल्याच न्हाईत." मी कपाट उघडं टाकून तशीच निघाले. त्याला आता पाच आठवडे झाले.

कुसुमआत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. माहेर बोरीचं. माझी आई लवकर गेली, तेव्हा आत्यानं मला इथं तालुक्याला, आपल्या घरी आणलं. ती अंगणवाडी सेविका. नाल्याकाठच्या आमच्या बौद्ध वस्तीत कुणाच्या घरी किती माणसं, कुणाचं लेकरू वजनाला कमी, सगळं तिला तोंडपाठ. पोलिओचे डोस पाजत ती घरोघर फिरायची तेव्हा दारावर खडूनं खूण करायचं काम माझं. संध्याकाळी शुद्धलेखन. एक वेलांटी चुकली तरी अख्खं पान पुन्हा लिहायला लावायची. पुढं मी नगरपालिकेत लिपिक झाले, ते त्या पानांच्या जोरावरच.

निवडणुका लागायच्या आधी प्रभागरचनेचं काम आमच्याकडे आलं. पहिला कच्चा आराखडा मी पाहिला होता, त्यात आमची वस्ती एका प्रभागात अखंड होती. मग एका दुपारी दुसराच नकाशा टेबलावर आला. नाल्याच्या कडेनं येणारी रेघ मध्येच वळून वस्तीत शिरली होती आणि वस्तीचे तीन तुकडे झाले होते. तिन्ही प्रभागांत आम्ही थोडे थोडे, कुठंच आमचा माणूस निवडून येईल इतके नाही. हे कुणी केलं, का केलं, मी विचारलं नाही. सीमांचं वर्णन टाईप करायचं काम माझ्याकडे होतं. 'तेथून दक्षिणेकडे श्रीमती कुसुमबाई यांच्या घरापर्यंत' असं टाईप करताना बोटं थांबली... आणि पुढं गेली.

नकाशा बोर्डावर लागला त्या दिवशी आत्या येऊन लय वेळ त्याच्यापुढं उभी होती. संध्याकाळी मी तिच्याकडे गेले. तिनं विचारलं, "हे तू टाईप केलंस?"

"हो."

"शुद्धलेखन बरूबर हाय," म्हणाली आणि माझ्यापुढं ताट ठेवलं. मी दोन घास खाल्ल्यावर म्हणाली, "तुझी नोकरी हाय माय. तू गप बस. मी बोलते."

गुडघे दुखत असताना आठ दिवस ती वस्तीत फिरली. शाळेतल्या ड्रॉइंगच्या कागदावर तिनं एकेक घर, विहार, हातपंप, नाला काढला. अनुसूचित जातींच्या वस्त्या शक्यतो फोडू नयेत, असं प्रभागरचनेच्या आदेशातच होतं. त्या ओळीखाली तिनं लाल रेघ मारली. समोरच्या घरातल्या गयाबाई म्हणाल्या, "कागदावरच्या रेघेनं काय व्हायलंय, आत्या?" आत्या म्हणाली, "नळ कसा आला? आपला मेंबर होता म्हणून. आता तीन मेंबरांच्या दारात जाशील, अन् तिघंबी म्हणतील, तुमचं घर तिकडं हाय." गयाबाईंनी अंगठा दिला. सह्या-अंगठ्यांनी कागद भरला आणि हरकत दाखल झाली.

सुनावणी परभणीला, जिल्ह्याच्या साहेबांपुढं होती. मी फायली घेऊन ऑफिसच्या बाजूच्या खुर्चीवर. आत्याचं नाव पुकारलं, ती उठली, माझ्याकडे बघून म्हणाली, "मॅडम, एवढा नकाशा साहेबांना द्या." जिनं मला न्हाऊमाखू घातलं ती मला मॅडम म्हणाली... माझी नोकरी सांभाळायला. साहेबांनी नकाशा नीट पाहिला. "हा कुणी काढला?"

"मीच. सगळी घरं पायी फिरून लिवली, साहेब."

साहेबांनी आमच्या अधिकाऱ्यांना विचारलं, "वस्ती अखंड ठेवून आराखडा केला होता का?"

"लोकसंख्या जुळत नव्हती, सर. तसा आराखडा झालाच नाही."

झाला होता. लोकसंख्याही जुळत होती. कपाटात मीच माझ्या हातानं ठेवला होता. आत्या माझ्यापासून चार हात अंतरावर उभी होती आणि मी फायलीची दोरी बांधत राहिले.

हरकत अमान्य झाली. मतदानाच्या दिवशी आत्या सुनेचा हात धरून नाल्यापलीकडच्या केंद्रावर गेली. समोरच्या दारातल्या गयाबाई दुसरीकडे. तीन प्रभागांत वस्तीतून उभे राहिलेले तिघंही पडले. त्यानंतर आत्या उंबऱ्यावर बसेनाशी झाली. मी गेले की "जेवलीस का?" एवढंच विचारायची. पहिल्या आराखड्याचं तिला सांगायचं मी कितीदा ठरवलं. तिचा चेहरा उतरलेला दिसायचा, वाटायचं, पुढच्या रविवारी सांगू...

पुण्यानुमोदनाच्या दिवशी तिच्या बाहेरच्या खोलीत उभं राहायलाही जागा नव्हती. वंदना झाली, चारजण बोलले. मग गयाबाई उठल्या. "आत्या लढली. पण कागदाचं सगळं तिला हिनं सांगितलं," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "ऑफिसात आपलं माणूस हाय म्हणून आमी तितवर तरी गेलो." सगळे माझ्याकडे वळले. मागून कुणीतरी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी उठले, सगळ्यांना हात जोडले... आणि खाली बसले.

त्या खोलीत जे बोलता आलं नाही ते इथं लिहिलं आहे. हा पेपर वस्तीत दोन-तीन घरी येतो. बाकीच्यांना कुणीतरी वाचून दाखवेल.